डीओएल स्टार्टरची जोडणी: आधी कंट्रोल सर्किट, मग मोटर

थ्री-फेज मोटरला पूर्ण व्होल्टेज थेट देणाऱ्या डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन) स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळताच संपर्क जोडणारा स्विच), ओव्हरलोड रिले (जादा करंट वाहत राहिल्यास मोटर बंद करणारा भाग) आणि स्टार्ट-स्टॉपची दोन पुश बटने एवढेच मुख्य भाग असतात. चुका बहुधा कंट्रोल सर्किटमध्ये, म्हणजे कॉन्टॅक्टरची कॉइल चालू-बंद करणाऱ्या वायरींमध्ये होतात, म्हणून मोटरच्या वायरी जोडण्याआधी तो भाग पूर्ण करून तपासावा.

प्रथम मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे आणि तिन्ही फेज मृत असल्याची खात्री मल्टिमीटरने करावी. केवळ टेस्टरवर विसंबू नये. नंतर कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर छापलेले व्होल्टेज वाचावे. ४१५ व्होल्टच्या सप्लायवर २४० व्होल्टची कॉइल फेज आणि न्यूट्रल यांच्यात जोडतात, तर ४१५ व्होल्टची दोन फेजमध्ये. २४० व्होल्टची कॉइल चुकून दोन फेजमध्ये जोडली, तर ती पाहता पाहता जळते.

पॉवर सर्किट सरळ आहे: एमसीबीकडून येणारे तीन फेज कॉन्टॅक्टरच्या १, ३, ५ या टर्मिनलवर, तिथून २, ४, ६ मधून ओव्हरलोड रिलेला आणि पुढे मोटरला. मोटरच्या बॉडीला आणि स्टार्टरच्या पेटीला अर्थिंग हवेच.

कंट्रोलसाठी एका फेजची वायर फ्यूजमधून रिलेच्या ९५ या टर्मिनलवर आणावी (९५-९६ हा रिले ट्रिप झाल्यावर उघडणारा संपर्क). ९६ वरून ती स्टॉप बटनाच्या एनसी (एरवी जोडलेल्या) संपर्कातून स्टार्टच्या एनओ (एरवी उघड्या) संपर्काकडे आणि तिथून कॉइलच्या ए१ वर जाते, आणि २४० व्होल्टच्या कॉइलचे ए२ न्यूट्रलला जोडतात. आता होल्डिंगचा, म्हणजे बटन सोडल्यावरही कॉइल चालू ठेवणारा, कॉन्टॅक्टरचा संपर्क १३-१४ स्टार्ट बटनाला समांतर जोडायचा असतो. १३ ची वायर स्टॉप आणि स्टार्ट यांच्या मधल्या जोडावरूनच घ्यावी आणि १४ ची ए१ कडे न्यावी. ही वायर जोडलीच नाही, तर बटन सोडताच मोटर थांबते. मात्र १३ ला स्टॉपच्या आधीचा फेज मिळाला, तर मोटर चालू होईल, पण स्टॉप दाबूनही थांबणार नाही, आणि हा दोष फार धोकादायक आहे.

मोटर न जोडता सप्लाय देऊन स्टार्ट दाबावे. कॉन्टॅक्टरने खट्ट आवाज करून ओढून धरले पाहिजे आणि स्टॉप दाबताच, तसेच रिलेचे टेस्ट बटन दाबताच, सोडले पाहिजे. सप्लाय गेल्यावर तो सुटतो आणि परत आल्यावर आपोआप ओढत नाही, ही याच रचनेची देणगी आहे.

पुन्हा सप्लाय तोडून मोटर जोडावी आणि रिले नेमप्लेटवरील पूर्ण भाराच्या करंटवर लावावा. सुरुवातीला साधारण सहा ते आठ पट करंट येतो, परंतु रिले तेवढा वेळ थांबतो, म्हणून सेटिंग वाढवू नये. ट्रिप होत असेल तर कमी व्होल्टेज, गेलेला फेज किंवा जाम बेअरिंग शोधावे. मोटर उलटी फिरल्यास कोणतेही दोन फेज अदलाबदल करावेत. फ्लोट स्विचवर (पाण्याच्या पातळीनुसार चालू-बंद होणाऱ्या स्विचवर) चालणाऱ्या मोटरसाठी रिलेचा रीसेट मॅन्युअलवरच ठेवावा, नाहीतर रिले थंड होताच मोटर न सांगता पुन्हा सुरू होईल.