क्रॉस ब्राउझर टेस्टिंग: पाट्या तीन, भटारखाना एकच

सेलेनियमचा (ब्राउझर आपोआप चालवून साइट तपासायचं साधन) क्लास झालाय, लोकेटर (पानावरचं बटण वगैरे शोधायचा पत्ता) लिहिता येतात, टेस्टएनजी (टेस्ट चालवून रिपोर्ट देणारी चौकट) लावता येतं आणि आता पहिला प्रोजेक्ट मिळालाय किंवा मिळेल, असं धरून लिहितोय. विषय क्रॉस ब्राउझर टेस्टिंग, म्हणजे एकच साइट वेगवेगळ्या ब्राउझरवर नीट चालते का हे तपासणं. बेसिक सांगत बसत नाही, त्याचे ढीगभर व्हिडिओ आहेत.

मी मूळचा कराडचा, शिक्षण मेकॅनिकल. कॅम्पस लागला नाही म्हणून 2019 मध्ये कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहून टेस्टिंगचा क्लास केला. पुढे हिंजवडीतल्या एका कंपनीत लागलो आणि ऑफिस नीट पाहायच्या आत लॉकडाऊन. म्हणजे माझी पहिली मोठी फजिती त्याच कॉटवर बसून झाली.

2021 ची गोष्ट. अपॉइंटमेंट बुकिंगची साइट होती. मी क्रोम, एज आणि ऑपेरावर सगळे रिग्रेशन (जुनं काही मोडलं नाही ना हे बघणाऱ्या टेस्ट) चालवले. रिपोर्ट हिरवागार, एकही लाल नाही. फायरफॉक्सवर दोन टेस्ट सारख्या पडायच्या, म्हणून तो मी 'तात्पुरता' बंद केला होता. (तात्पुरता म्हणजे चार महिने.) आयफोनसाठी म्हणाल तर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये आयफोन निवडून तेही तपासलं होतं. डेमोच्या कॉलवर मी छाती फुगवून 'क्रॉस ब्राउझर डन' म्हणालो. क्लायंटने सहज स्वतःच्या आयफोनवर साइट उघडली आणि स्क्रीन शेअर केली. डॉक्टरांच्या नावापुढे सकाळी साडेदहा, अकरा, साडेअकरा असं दिसायला हवं होतं. तिथे प्रत्येक ओळीत एकच मजकूर: 'इनव्हॅलिड डेट'. कॉलवर कुणीच काही बोलेना. मी म्यूटवर होतो, तरी श्वास रोखून बसलो होतो.

नंतर लीड मॅडमचा फोन आला. "अरे, क्रोम, एज, ऑपेरा म्हणजे तीन ब्राउझर नव्हेत रे. पाट्या तीन आहेत, भटारखाना एकच." मी म्हटलं, "पण मॅडम, क्लायंट तर क्रोमच वापरत होता, मी बघितलं!" त्या हसल्या. मला त्या हसण्याचा अर्थ कळायला आठवडा लागला, तुम्हाला आत्ताच सांगतो.

ब्राउझरचं नाव बघायचं नाही, आतलं इंजिन (साइटचा कोड वाचून पान पडद्यावर मांडणारा भाग) बघायचं. क्रोमचं इंजिन ब्लिंक, जे 2013 मध्ये वेबकिटमधून वेगळं झालं. ऑपेराही त्याच काळात तिकडे गेला आणि जानेवारी 2020 मध्ये एजही क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर, आला. म्हणजे मी एकच परीक्षा तीनदा दिली आणि तिन्ही वेळा पास झालो म्हणून पेढे वाटले. सफारीचं इंजिन वेबकिट. फायरफॉक्सचं गेको. मुख्य घराणी एवढीच. आणि आयफोनवर ॲपलच्या नियमामुळे क्रोमच्या आतही वेबकिटच असतं. 2024 मध्ये युरोपियन युनियनपुरता तो नियम सैल झाला, आपल्याकडे नाही. म्हणजे आयफोनवरचा क्रोम हा क्रोमचा सदरा घातलेला सफारी. आणि डेव्हलपर टूल्समधला 'आयफोन'? त्याचा आकार आयफोनचा, जीव क्रोमचाच. मांडणी बघायला ठीक आहे, त्याच्या जोरावर सही करू नका. पुन्हा सांगतो, करू नका.

बग काय होता? सर्व्हरकडून '2021-03-05 10:30' अशी तारीख येत होती, तारीख आणि वेळेच्या मधे मोकळी जागा. क्रोमचं जावास्क्रिप्ट इंजिन समजून घ्यायचं, त्या वेळच्या सफारीचं घ्यायचं नाही. डेव्हलपरने मोकळ्या जागेच्या ठिकाणी आयएसओ 8601 (तारीख लिहायचा आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे 'टी' अक्षर घातलं, शेवटी भारतीय वेळेचं +05:30 लावलं, आणि संपलं. चार महिन्यांच्या माझ्या हिरव्या रिपोर्टला त्या एका अक्षराने गिळलं. फायरफॉक्स चालू असता तरी हा बग सापडला नसता, त्यालाही ती तारीख कळायची. तेव्हा दोन इंजिनंही पुरत नाहीत.

घाबरू नका, मॅकबुक घ्यायला कर्ज काढायचं नाहीये. खऱ्या सफारीचा ड्रायव्हर (टेस्टला ब्राउझरशी जोडणारा प्रोग्रॅम) फक्त मॅकवर चालतो हे खरं, पण प्लेराइट हे सेलेनियमसारखंच दुसरं साधन क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट तिन्ही विंडोजच्या साध्या लॅपटॉपवर चालवतं. ते वेबकिट म्हणजे हुबेहूब सफारी नव्हे. तरी माझा तारखेचा बग तिथे पहिल्याच रनमध्ये लाल झाला, मी मुद्दाम करून पाहिलं. शेवटचा हात मात्र खऱ्या फोनवरच फिरवायचा.

वेटबद्दल, म्हणजे पानावरची गोष्ट दिसेपर्यंत टेस्टला थांबवण्याबद्दल, थोडक्यात. थ्रेड स्लीप (काहीही होवो, ठरावीक सेकंद थांबणं) टाकून टेस्ट पास करणं म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर फोडणं. इम्प्लिसिट (सगळ्या शोधांना सरसकट लागू) आणि एक्सप्लिसिट (एका ठरावीक अटीपुरता) वेट एकत्र लावू नका. सेलेनियमच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की 10 सेकंदांचा इम्प्लिसिट आणि 15 सेकंदांचा एक्सप्लिसिट एकत्र लावला तर टाइमआउट 20 सेकंदांनीही येऊ शकतो. माझ्या फायरफॉक्सच्या त्या दोन टेस्ट ह्याच भानगडीने पडत होत्या. फायरफॉक्सचा काही दोष नव्हता.

आता न विचारता दिलेला सल्ला. क्लासवाले 'तीन वर्षांचा अनुभव' कागदावर लावून देतो म्हणतील. मलाही म्हणाले होते. माझ्या बॅचमधल्या एकाने घेतला, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पकडला गेला आणि रुजू होऊन दोन महिने झाले असताना लॅपटॉप परत द्यायला लागला. फ्रेशर म्हणून सहा महिने जास्त घासावं लागतं, हे मी भोगलंय, गोड बोलून लपवत नाही. पण झोप लागते. आणि गुरू शोधायचाच तर व्हिडिओत ओरडणारा नको. टीममधली एखादी जुनी मॅन्युअल टेस्टर शोधा, जिला कोड फारसा येत नसेल पण साइट कुठे मोडेल हे वासावरून कळतं. आमच्या मॅडम तशाच. सेलेनियमची एक ओळ त्यांनी कधी लिहिली नाही, आणि माझं निम्मं ऑटोमेशन त्यांनीच शिकवलंय.

त्या रात्री मी बग पुन्हा काढून दाखवला तो रूममेटच्या काच फुटलेल्या जुन्या आयफोनवर. तो पुढे बंगळुरूला गेला, तेव्हा अडीच हजारांत तो फोन मी ठेवून घेतला. त्याला नवीन अपडेट येत नाहीत, तेच बरं आहे, गिऱ्हाइकांकडेही असे फोन असतातच. बॅटरी तासभर टिकते, म्हणून रिलीजच्या आदल्या रात्री आठवणीने चार्जिंगला लावतो.