एअर सस्पेन्शन असूनही गतिरोधकावर पोट घासायचं, शेवटी असं थांबलं

लक्षण: लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) आलिशान सेडान, एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली. सोसायटीच्या गेटजवळच्या गतिरोधकावर, मागे दोघं बसले की हमखास 'खर्रर्र'. गाडी उंच करणारं लिफ्टचं बटण दाबूनही तेच.

आधी गाडी तिरकी नेली (गेट अरुंद, जमलं नाही). मग टायरमध्ये हवा वाढवली. फक्त धक्के वाढले. चार महिने दर सकाळी दात खात घराबाहेर पडलो.

मग टेप घेऊन बसलो. बंपरखाली मोजू नका, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध पोटाखाली मोजा. नेहमीच्या उंचीला १२ सेंमी, लिफ्टवर साडेचौदा. गतिरोधक १३ सेंमी उंच आणि जेमतेम दीड हात रुंद. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा गतिरोधकाचा नमुना १० सेंमी उंच, ३.७ मीटर रुंद आहे. तेवढ्या रुंदीवर चाकंही चढतात. आमच्याकडे चारही चाकं जमिनीवर आणि अख्खा उंचवटा पोटाखाली!

म्हणजे लिफ्ट पुरेशी होती, मी बटण उशिरा दाबत होतो. कंप्रेसर हवा भरेपर्यंत गाडी उंचवट्यावर.

आता क्रम असा:
१. इंजिन चालू, सगळी दारं बंद.
२. स्पोर्ट मोड असेल तर कम्फर्ट. स्पोर्टमध्ये माझी गाडी खाली बसते.
३. पार्किंगमध्येच लिफ्ट दाबायची, दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हलायचं नाही.
४. ब्रेक उंचवट्याच्या आधीच. वर दाबला की नाक खाली जातं.
५. सरळ, चालत्या माणसाच्या वेगानं पार.

वेग वाढला की गाडी आपोआप खाली येते, म्हणून परतताना गेटबाहेर थांबून बटण पुन्हा दाबतो.