लाकडी नॅरोबोट वरून कुजते : घेण्याआधी आणि घेतल्यावर या चुका टाळा

यंदा मंडळाच्या गणपतीत एका जोडप्याने विचारलं, "घराचे हप्ते झेपत नाहीत. कॅनॉलवर बोट घेऊन राहिलो तर?" इंग्लंडमधल्या आमच्या मिल्टन कीन्स शहरातून ग्रँड युनियन कॅनॉल जातो, फिरायला गेलं की बोटी दिसतात, त्यामुळे हा विचार मनात येणं साहजिक आहे. पण त्यांनी मोबाइलवर दाखवलेली जाहिरात बघून मी हातातलं ताट खाली ठेवलं. जुनी लाकडी नॅरोबोट, म्हणजे इथल्या कॅनॉलवरची लांबट, अरुंद बोट, स्टीलच्या बोटीच्या पाव किमतीत, आणि शेवटी दोन शब्द : "थोडं काम बाकी".

मी आणि माझा नवरा अकरा वर्षं अशा एका बोटीचे मालक आहोत. १९३७ साली रिकमन्सवर्थला माल वाहण्यासाठी बांधलेली, सत्तर फूट लांब, सात फूट रुंद. बाजूंना ओकच्या फळ्या, तळाला आडव्या घातलेल्या एल्मच्या. तिच्यावर आमचा फार जीव आहे. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या आम्ही स्वतः केल्या आहेत, आणि दर चुकीला जुनं, चांगलं लाकूड गेलं. ते दुखतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

स्वस्त मिळाली म्हणून घेणं

स्टीलच्या बोटीला दर दोन-तीन वर्षांनी पाण्याबाहेर काढून काळा रंग दिला की भागतं. लाकडी बोट दरवर्षी डॉकमध्ये न्यावी लागते आणि दर वेळी काही ना काही निघतंच. म्हणजे बोटीची किंमत हा तुमच्या खर्चातला सगळ्यात छोटा आकडा असतो. खरेदीसाठी जेवढे पैसे बाजूला काढले असतील तेवढेच पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी हातात नसतील, तर ही बोट घेऊ नका. मी हे तोंडावर सांगते, लोकांना राग आला तरी.

लाकडाची जाण असलेल्या सर्व्हेअरकडून बोट पाण्याबाहेर काढून तपासल्याशिवाय सही करू नका. स्टीलच्या बोटी तपासणारा माणूस पत्र्याची जाडी मोजतो. इथे ते कामाचं नाही. लाकडाचा माणूस हातोडीने फळी न् फळी वाजवतो. चांगली फळी टणक वाजते, कुजलेली बद्द आवाज देते. संशय आला तिथे तो आरी टोचून बघतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाण्याखालचे दोन-चार खिळे उपटायला सांगा. आमचा पहिला खिळा निघाला तेव्हा त्याचं डोकं शाबूत, टोक शाबूत आणि मधली कंबर आगपेटीच्या काडीएवढी बारीक होती. ओकमध्ये टॅनिन असतं आणि ते ओल्या लोखंडाला खातं. पूर्वी आपल्याकडे हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची काळी शाई करत, अगदी तीच ही क्रिया. खिळ्याभोवती लाकडावर निळसर काळा डाग दिसला की समजायचं, आत शाई तयार होतेय आणि खिळा संपतोय. बाहेरून बोट कितीही देखणी रंगवलेली असो, खिळे गेले असतील तर फळ्या फक्त सवयीने जागेवर आहेत.

सगळं लक्ष तळाकडे, छताकडे कुणाचंच नाही

नवीन मालक रात्री झोपताना तळातून पाणी येईल म्हणून घाबरतो. खरा शत्रू पावसाचं पाणी. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते आणि हवाही लागते. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर ती जगत नाही, आणि लाकूड कायम पाण्यात बुडालेलं असेल तर हवा मिळत नाही म्हणून वाढत नाही. जुन्या लंडनमध्ये पिण्याचं पाणी एल्मच्या पोकळ ओंडक्यांच्या नळांतून यायचं, ते यामुळेच टिकले. तुमच्या बोटीचा तळही तसाच सुखात असतो. मरतात त्या पाण्याच्या रेघेच्या वरच्या फळ्या, जिथे आज ओलं, उद्या कोरडं, परवा पुन्हा ओलं. त्यातही केबिनचा आणि बाजूच्या फळ्यांचा जोड, खिडक्यांचे खालचे कोपरे आणि पुढचं टोक आधी जातं.

१९५० आणि ६० च्या दशकांत कॅनॉलवरची मालवाहतूक संपत आली तेव्हा कितीतरी लाकडी बोटी हेअरफील्डजवळच्या पाणी भरलेल्या खाणींत मुद्दाम बुडवल्या. आपल्याला ऐकवत नाही, पण पाण्याखाली गेलेल्या लाकडाचं तेवढं बिघडत नाही. मालकाच्या हौसेपायी उबदार केबिनमध्ये कोंडलेलं लाकूड मात्र नक्की मरतं.

ती हौस आम्ही केली. पहिल्याच वर्षी थंडी वाजू नये म्हणून केबिनला आतून थर्मोकोल लावला, वर प्लायवूड ठोकलं, स्वयंपाकाचे ओटे अगदी भिंतीला चिकटवून बसवले. दोन हिवाळे मजेत गेले. तिसऱ्या वर्षी तांदळाच्या डब्यांमागून अळंब्यांसारखा वास यायला लागला. कपाट उचकटलं, मागच्या ओकवर बोट दाबलं तर ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. चुलीची वाफ, आंघोळीची वाफ, आमचे श्वास, सगळं प्लायवूडमागे जाऊन थंड फळीवर पाणी होऊन बसलं होतं. त्या एका ओट्याने दोन फळ्या आणि चार आडवे खांब खाल्ले.

तेव्हा आतली सजावट शेवटी करा, आणि केलीत तरी प्रत्येक फळी बघता येईल अशी, स्क्रू काढून सुटणारी करा. भिंत आणि कपाट यांच्यात हात जाईल एवढी जागा सोडा. जमिनीच्या पाट्या महिन्यातून एकदा उचला, खालचा कचरा आणि पानं काढा. ओली पानं म्हणजे बुरशीची गादी. वरच्या कोपऱ्यांत जाडं मीठ टाकून ठेवण्याची जुनी पद्धत आहे, कारण खारं लाकूड बुरशीला मानवत नाही. कोकणातली होडी खाऱ्या पाण्यात असते, ही कॅनॉलच्या गोड्या पाण्यात. हा फरक लक्षात ठेवा.

सुकवण्याची घाई

डॉकमध्ये पहिल्यांदा नेली तेव्हा जुलै होता, ऊन छान होतं. मला वाटलं, तीन आठवडे राहू दे, मस्त सुकेल. दहाव्या दिवशी आत उभी राहिले तर फळ्यांच्या मधून बाहेरचं ऊन दिसत होतं. रात्री श्रीवर्धनला मामांना फोन केला. त्यांनी आयुष्यभर होड्या दुरुस्त केल्या. म्हणाले, "अगो, तहानलीय ती. नारळी पौर्णिमेआधी आपल्या होड्या पाण्यात घालतो तेव्हा बघितलं नाहीस का, पहिल्या दिवशी किती पाणी घेतात ते? ओली गोणपाटं टाक तिच्यावर, आणि फटीत काही घट्ट कोंबू नको."

शेवटचं वाक्य सोन्यासारखं होतं. सुकून आकसलेल्या फळ्यांच्या फटी मोठ्या दिसतात, आणि नवखा माणूस त्यात डांबरी ताग ठोकून ठोकून भरतो. बोट पाण्यात गेली की फळ्या फुगतात, त्यांना जागा उरत नाही, आणि मग त्या खिळ्यांसकट बाहेर ढकलल्या जातात. डॉकचं काम वसंतात किंवा सप्टेंबरात काढा, आठ-दहा दिवसांत उरका, रोज दोनदा पाणी मारा. पाण्यात सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस बोट गळणारच. तेव्हा दोन पंप लावून तिथेच राहा, घरी जाऊ नका. बारीक गळती दिसली तर बाहेरून फळीलगत पाण्याखाली लाकडाचा भुसा सोडतात. आत शिरणारं पाणी भुसा ओढून घेतं, तो फटीत जाऊन फुगतो. ओबडधोबड वाटतं, पण चालतं.

कडक औषध

फायबरग्लासचं आवरण, इपॉक्सी, सिमेंट, वरून पत्रा : "एकदा करा, कायमचं विसरा" असं सांगणारे खूप भेटतील. ऐकू नका. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं, आकसतं; कडक आवरण हलत नाही. ते कुठेतरी सुटतं, मागे पाणी शिरतं, आणि तुम्हाला ते दिसतही नाही. जुने कारागीर डांबर, घोड्याची लीद आणि गाईचे केस गरम करून जे मिश्रण लावत, त्याला इथे चॅलिको म्हणतात. वास भयंकर, पण ते मऊ राहायचं आणि लाकडाबरोबर हलायचं. आज मऊ राहणारी तयार पुट्टी मिळते, ती घ्या. कुजलेली फळी भरायची नसते, बदलायची असते.

आणि खर्च तिथेच आहे. सरळ दाण्याचा, लांब, दीड-दोन इंच जाड ओक सहज मिळत नाही. तळासाठी रुंद एल्म तर त्याहून दुर्मीळ, कारण १९६० च्या दशकाअखेर आलेल्या डच एल्म रोगाने ब्रिटनमधली दोन कोटींहून जास्त झाडं मारली. फळी वाकवायला वाफेच्या पेटीत ठेवतात, जाडीच्या दर इंचाला साधारण एक तास. मग पेटी उघडते, चार माणसं हातमोजे घालून गरम फळी घेऊन धावतात, आणि थंड होण्याआधी मोजक्या मिनिटांत ती टोकाच्या वळणावर चिमट्यांनी आवळतात. चुकलं तर फळी चिरते. हे हात असलेली माणसं आता थोडी उरली आहेत. त्यांच्या मजुरीत घासाघीस करू नका. त्याऐवजी त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून राबा, बिल खरोखर कमी होतं आणि बोट कळते.

लॉक आणि बर्फ

लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेली कोठी, तिच्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. अरुंद लॉक सात फुटांचे. जुनी लाकडी बोट वयाने पसरते, पोट सुटल्यासारखी. अरुंद कॅनॉलवर जाण्याआधी तीन ठिकाणी रुंदी मोजा. बाजूला लटकवलेले रबरी ठोकळे लॉकमध्ये शिरण्याआधी वर घ्या, नाहीतर बोट पाचरीसारखी अडकते. खाली उतरताना मागचा भाग दाराजवळच्या दगडी उंबऱ्यावर बसू देऊ नका. बसला तर पाणी उतरत जाईल आणि तुमची बोट मागे टांगलेली राहील.

कॅनॉल गोठला की जागेवर थांबा. बर्फाचा पातळ थरही चालत्या लाकडी बोटीला पाण्याच्या रेघेवर करवतीसारखा कापतो.

कागदपत्रं

परवाना बोटीच्या आकारावर असतो, नेहमीच्या ५७ फुटी बोटीलाही वर्षाला हजार पौंडांच्या वर जातो. कायमची जागा न घेता फिरत राहिलात तर १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी १४ दिवसांहून जास्त राहता येत नाही, आणि २०२४ पासून अशा बोटींना अधिभारही आहे, तो दरवर्षी वाढतोय. सुरक्षेचं प्रमाणपत्र दर चार वर्षांनी. विम्यात मात्र नीट वाचा : लाकडी म्हटल्यावर बऱ्याच कंपन्या फक्त थर्ड पार्टी देतात. बुडालेली बोट वर काढण्याचा खर्च त्यात आहे का, हा एकच प्रश्न लेखी विचारा. १९८३ च्या कायद्याच्या कलम ८ नुसार बुडालेली बोट हटवून तो खर्च मालकाकडून वसूल करता येतो, आणि क्रेन स्वस्त नसते.

पंपावर विसंबणं

आपोआप चालू होणारा पंप चांगलाच, पण तो गळती लपवतो. आठवडाभर बोट बंद, पंप दिवसातून वीस वेळा चालतोय, तुम्हाला पत्ता नाही. एका रात्री बॅटरी उतरते आणि सकाळी शेजाऱ्याचा फोन येतो. पंपाला मोजणी करणारं छोटं यंत्र लावा. आमच्याकडे दाराच्या आत खिळ्याला वही टांगलेली आहे, तारीख आणि पंप किती वेळा चालला एवढंच लिहितो. कोरड्या आठवड्यात दिवसाला दोनदा, हा आमचा आकडा. मागच्या मार्चमध्ये तो पाच झाला. पावसाचं म्हणून सोडून दिलं असतं, पण वहीत त्या दिवसांपुढे "पाऊस नाही" लिहिलेलं होतं. पाट्या उचलल्या, टॉर्च घेऊन पालथी पडले, आणि मागच्या टोकाशी बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याभोवतीचं ग्रीसचं पॅकिंग ढिलं झालेलं सापडलं. पान्याने दोन नट पाव-पाव फेरा आवळले. दुसऱ्या दिवशी वहीत पुन्हा दोन.