किनाऱ्यावर कुत्र्याला शिकवण्यासाठी साहित्य निवडताना

कोकणात कुत्रा घरी आला की बहुधा पाठोपाठ लोखंडी साखळीही येते, कारण राखणीच्या कुत्र्याला आजवर आपण तीच बांधत आलो आहोत. शिकवण्याच्या कामी मात्र ती निरुपयोगी आहे. तिचे ओझे मानेवर सतत राहिल्याने हातातून दिलेला हलका इशारा कुत्र्यापर्यंत पोहोचत नाही. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने कुत्र्याला दीर्घकाळ बांधून ठेवणे हे प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार क्रौर्यच ठरते.

पट्टा घेताना आपण रंग आणि कापड पाहतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याने आधी हूक पाहावा. माझ्या कुत्र्याचा चकचकीत मुलामा दिलेला हूक पहिल्याच पावसाळ्यानंतर पुळणीवर तुटला आणि तो थेट रापणीच्या जाळ्यांकडे धावला, तेव्हापासून मी दुकानात लहानसे चुंबक घेऊन जातो. चुंबक घट्ट चिकटले तर आत लोखंड आहे आणि खारी हवा ते खाणार, हे नक्की. चिकटले नाही तरी तेवढ्यावर विसंबू नये, कारण जस्ताच्या ओतीव हुकालाही चुंबक चिकटत नाही आणि तो झटक्याने तुटू शकतो. भरीव पितळेचा किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलचा हूक महाग पडतो, पण पैसे खर्च करावेत ते इथेच.

गळपट्टा सपाट आणि रुंद असावा व त्याखाली दोन बोटे सहज जावीत. पिल्लाची मान झपाट्याने वाढते, म्हणून हे माप दर आठवड्याला तपासावे. चामड्याला पावसाळ्यात बुरशी धरते, तर सुती पट्टा दिवसेंदिवस वाळत नाही; नायलॉनचा पट्टा त्या मानाने बरा. ओढले की आवळणारी साखळी आणि आतून खिळे असलेला पट्टा घेऊच नये. त्यांनी श्वासनलिकेला इजा होऊ शकते, आणि कुत्रा शिकतो ती केवळ भीती.

ओढण्याची सवय असलेल्या कुत्र्याला छातीवर कडी असलेला हार्नेस घ्यावा. त्याने ओढले की त्याचे अंग आपल्याकडे वळते आणि ओढण्यातला फायदा संपतो. पाठीवरच्या कडीने उलट त्याला अंगाचा सगळा जोर लावता येतो. हार्नेसचे पट्टे खांद्याची हालचाल अडवणारे किंवा काखेत घासणारे नसावेत, कारण ओल्या पट्ट्याखालची कातडी लवकर सोलवटते.

रोजच्या चालण्याला पाच-सहा फुटांची दोरी पुरते, पण हाकेला परत येणे शिकवायचे असेल तर वीस-तीस फुटांची लांब दोरी हवीच. मासेमारीच्या साहित्याच्या दुकानात मिळणारी नायलॉनची दोरी यासाठी चालते. मात्र ती हातातून सरकली तर तळवा भाजतो, म्हणून हातमोजे घालावेत, आणि ती हार्नेसच्या पाठीवरच्या कडीलाच लावावी, कारण धावत्या कुत्र्याच्या मानेला बसलेला हिसका घातक ठरू शकतो. वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर ही दोरी एरवीपेक्षा जास्त महत्त्वाची आहे: ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी कुत्री उकरतात, आणि विणीच्या हंगामात तिथे मोकळा सोडलेला पाळीव कुत्राही तेच करू शकतो. आपोआप गुंडाळणारी डबीची दोरी मी किनाऱ्यासाठी सुचवणार नाही. तिच्यात वाळू अडकते.

वाऱ्यात हाक विरते, तेव्हा साधी प्लॅस्टिकची शिटी कामी येते. खाऊ म्हणून उकडलेल्या कोंबडीचे वाटाण्याएवढे तुकडे कमरेच्या पिशवीत ठेवावेत. खारवलेली सुकी मासळी देऊ नये.

पुळणीवरून परतल्यावर सगळे साहित्य गोड्या पाण्यात धुऊन पडवीत सावलीत वाळत घालावे. पावसाळ्यासाठी दुसरा गळपट्टा जवळ ठेवावा, आणि ओला काढून कोरडा घालण्यापूर्वी मानेवरच्या केसांत बोटे फिरवून गोचीड आहे का ते पाहावे.