व्हर्च्युअल मशीन अडली तर आधी एरर वाचा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत लिनक्स, नेटवर्किंग शिकणाऱ्या बहुतेक पोरांकडे लॅपटॉप एकच. त्यावरच व्हर्च्युअलबॉक्स (लॅपटॉपच्या आत दुसरा, आभासी संगणक म्हणजे व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर), त्यावरच महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा फॉर्म आणि त्यावरच वडिलांचं नेट बँकिंग. म्हणून ‘विंडोजची सिक्युरिटी बंद कर, व्हीएम चालते’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. तो उपाय अगदी शेवटचा आहे, आणि बऱ्याचदा त्याची गरजच पडत नाही.

“दादा, व्हीएम सुरूच नाही होऊन रायली,” असा फोन आला की मी एरर जशीच्या तशी वाचायला सांगतो. तोवर अर्ध्या पोरांनी आयएसओ (लिनक्स इन्स्टॉल करायची फाइल) पुन्हा डाउनलोडला लावलेली असते आणि दिवसभराचा डेटा संपलेला असतो. व्हीटी-एक्सची (व्हीएम चालवण्यासाठी प्रोसेसरमध्ये असलेल्या सोयीची) एरर येते तेव्हा मशीनने आयएसओ उघडलेलीसुद्धा नसते, हे लक्षात ठेवा.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा. तिथे व्हर्च्युअलायझेशनपुढे ‘डिसेबल्ड’ दिसलं तर काम बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) आहे. इंटेलच्या मशीनवर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’ चालू करा. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. विंडोजने ती अचानक मागितली आणि तेव्हाच गावात लाईट आणि रेंज दोन्ही नसली, तर फार पंचाईत होते.

‘एनेबल्ड’ असूनही मशीन अडत असेल तर रनमध्ये एमएसइन्फो३२ (msinfo32) टाईप करा. यादीच्या तळाशी ‘व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी’पुढे ‘रनिंग’ असेल तर कारण सापडलं. विंडोज ११ च्या नव्या इन्स्टॉलेशनवर याच सिक्युरिटीचा भाग असलेली मेमरी इंटिग्रिटी बहुधा आधीच चालू असते. तिच्यासाठी विंडोज स्वतःच एका हायपरव्हायजरवर (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या थरावर) चालतं आणि प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय त्याच्याच ताब्यात जाते. व्हर्च्युअलबॉक्सला ती थेट मिळत नाही.

इथे पहिलं काम म्हणजे सॉफ्टवेअर अपडेट करणं. व्हर्च्युअलबॉक्स ६.० पासून (२०१८) आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन या तशाच सॉफ्टवेअरच्या १५.५.५ पासून (२०२०) विंडोजच्या हायपरव्हायजरवरच मशीन चालवता येते. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली उजवीकडे हिरवं कासव दिसलं तर मशीन त्या वाटेने चालली आहे असं समजा. वेग कमी पडतो हे खरं. पण डेस्कटॉप नसलेल्या उबुंटू सर्व्हरला (उबुंटू म्हणजे लिनक्सचा एक प्रकार) २ जीबी रॅम द्या, कमांड शिकायला तेवढं पुरतं.

तरीही फारच अडत असेल तर ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये हायपर-व्ही (विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायजर), व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म ही न लागणारी फीचर्स काढा. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर तो मग चालणार नाही. मेमरी इंटिग्रिटीचा नंबर सगळ्यात शेवटी. खराब ड्रायव्हरला कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) शिरण्यापासून ती अडवते. सरावापुरती बंद केलीत तर त्या लॅपटॉपवर बँक उघडण्याआधी ती परत चालू करा आणि रीस्टार्ट करा.

उबुंटूवर व्हर्च्युअलबॉक्स टाकणाऱ्यांची अडचण वेगळी. आरसी=-१९०८ ही एरर आली तर बहुतेकदा सिक्युअर बूटने (सुरू होताना सही तपासणाऱ्या सुरक्षेने) व्हर्च्युअलबॉक्सचं सही नसलेलं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) अडवलेलं असतं. इन्स्टॉल करताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं आणि रीबूटनंतर निळा स्क्रीन येतो. त्यावर पहिलाच पर्याय ‘कंटिन्यू बूट’ असतो, आणि पोरं सवयीने एंटर मारतात. खाली जाऊन ‘एनरोल एमओके’ (मॉड्यूलच्या सहीची चावी नोंदवणं) निवडा आणि तोच पासवर्ड द्या. सिक्युअर बूट बंद करायची गरज राहत नाही.

प्रत्येक बदल वहीत लिहा: एरर काय होती, काय बदललं, परत कसं फिरवायचं. सपोर्टच्या नोकरीत तिकिटावर हेच लिहावं लागतं. आणि कंपनीच्या लॅपटॉपवर सेटिंग ॲडमिनने लॉक केलेली दिसली, तर पळवाट शोधू नका, आयटी विभागाला एररच्या स्क्रीनशॉटसह मेल करा.