पिग्मीची लिस्ट अर्धीच येते? फाईल नीट बंद करा
सोसायटीच्या पिग्मीची, म्हणजे रोज थोडी थोडी भरायच्या बचतीची, रोजची लिस्ट पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून काढायलाय आणि शेवटची खाती गायब, खालची टोटलची ओळ पण नाही, असं झालं तर लूप तपासत बसू नका, आधी फाईल बंद झालीय काय ते बघा.

राईट म्हटलं की मजकूर लगेच डिस्कवर जात नाही, आधी मेमरीतल्या बफरात साठतो, कारण दर ओळीला डिस्ककडे धावलं तर काम फार हळू होतं. पायथनमध्ये हा बफर बरीच वर्षं 8192 बाइटचा होता. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरी काय, कन्नड काय, एकेका चिन्हाला 3 बाइट लागतात, म्हणजे 'पाटील' लिहिलं की 15 बाइट झाले. छोट्या गावची लिस्ट सगळीच्या सगळी बफरात मावते, मग प्रोग्राम चालू असताना फाईल बघितली तर 0 बाइट! स्क्रीनवर मात्र प्रिंट लगेच दिसतं कारण टर्मिनलला ओळ संपली की बफर रिकामा होतो, तिथंच माणूस फसतो.

उपाय सोपा, फाईल कायम 'विथ' लावून उघडा आणि एन्कोडिंग यूटीएफ-8 द्या. ब्लॉक संपला की, मधे एरर आली तरी, फाईल आपोआप बंद होते. प्रिंटरला किंवा मेलला पाठवायचा कोड त्या ब्लॉकच्या बाहेर पाहिजे, हे लई जण विसरतात. हातानं क्लोज लिहित असाल तर पुढचा कंस बघा, कंस नसला तर एररही येत नाही आणि फाईलही बंद होत नाही.

लाईट जायची भीती असेल तर नुसतं फ्लश, म्हणजे बफर रिकामा करायची आज्ञा, पुरत नाही हं, फ्लशनं मजकूर ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंतच पोचतो, डिस्कवर उतरवायला त्यानंतर ओएस मॉड्यूलचं एफसिंक बोलवायचं. कालची चांगली लिस्ट मोडू नये म्हणून त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावानं नवी लिहा, फ्लश आणि एफसिंक करून बंद करा, मग ओएस रिप्लेसनं जागेवर बसवा, म्हणजे एकतर जुनी पूर्ण राहते नाहीतर नवी पूर्ण मिळते, अर्धवट कधीच नाही.

सी भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी फाईल बंद करणारं एफक्लोज काय परत देतंय ते तपासाच, डिस्क भरल्याची एरर कधीकधी तिथंच पहिल्यांदा कळते. आणि पेनड्राईव्हवर लिस्ट द्यायची असेल तर इजेक्ट केल्याशिवाय उपसू नका.