लहान मुलासह काटकसरीत चिखलदरा

विदर्भातील उन्हाळा ४५ अंशांपर्यंत चढत असल्याने, लहान मुलाला घेऊन चिखलदरा या अमरावती जिल्ह्यातील थंड हवेच्या ठिकाणी जायचे झाल्यास दिवाळीनंतरचे दिवस निवडावेत आणि पहाटेच निघावे, म्हणजे मूल निम्मा प्रवास झोपेत काढते. घाटाआधी लागणाऱ्या परतवाडा या गावातच पेट्रोल भरून घ्यावे. पुढे घाटाच्या वळणांवर मुलांना मळमळते, म्हणून त्याआधी पोटभर दूध न पाजता कोरडी पोळी द्यावी आणि जुना टॉवेल व पिशव्या हाताशी ठेवाव्यात (हा सल्ला अनुभवातून आलेला आहे). घरच्या दशम्या व शेंगदाण्याची चटणी सोबत असल्यास जेवणाचा खर्च वाचतो. शनिवार-रविवार टाळल्यास खोलीही स्वस्त मिळते. सुमारे १,१०० मीटर उंचीवर रात्री गारठा असतो, तेव्हा कानटोपी मात्र विसरू नये.